टॅक्सवाला ठरवताय? आधी मोबाइल नंबर कोणाचा टाकला ते पाहा

२०२३च्या जूनचा पहिला आठवडा. मृगाच्या पावसाची वाट पाहणं सुरू होतं. घाटाखालच्या एका गावातल्या कृषी सेवा केंद्रात कपाशीच्या पाकिटांसाठी लोक येऊ लागले होते. दुकानदाराने तणनाशकाची ऑर्डर द्यायला अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "भाऊ, तुमचा जीएसटी नंबर बंद दाखवते. बिलच बनत नाही."

दुकानदाराला आधी थट्टा वाटली. मग पोटात गोळा आला. त्याचा नंबर आदल्या वर्षीच्या डिसेंबरातच रद्द झाला होता. सलग सहा महिने विवरणपत्रं भरली नव्हती, म्हणून खात्याने नोटीस काढली, खुलासा आला नाही म्हणून नोंदणी रद्द केली. हे सगळं रीतसर झालं. फक्त दुकानदाराला त्याचा पत्ता नव्हता, कारण नोंदणी करताना जो ई-मेल आणि जो मोबाइल नंबर टाकला होता, तो त्याच्या टॅक्सवाल्याचा होता. रब्बीत दुकानात जुना माल शिल्लक होता, मोठी उचल झाली नाही, म्हणून कोणी विचारलंही नाही.

"म्या तं त्याईले दर महिन्याले पैसे देत होतो ना राजेहो," तो सांगत होता. "फी अलग नाही, टॅक्स अलग नाही. जेवढे सांगतले तेवढे देले." पावती? पावती नव्हती. चलनाची प्रत? तीही नव्हती. विश्वास होता.

गावाचं आणि माणसाचं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. वाचकहो, अशी दुकानं चिखलीत आहेत, मेहकरात आहेत, मलकापुरात आहेत. आणि तो टॅक्सवाला चोर होता असंही म्हणवत नाही. त्याने झेपतील त्याहून जास्त फायली घेतल्या होत्या, हाताखालचा मुलगा सोडून गेला, एका महिन्याचं काम दुसऱ्यावर गेलं आणि एकाच्या टॅक्सचे पैसे दुसऱ्याच्या चलनात गेले. पण परिणाम भोगला तो दुकानदाराने. ऐन हंगामात कंपन्यांचा माल बंद.

नशीब एवढंच की त्या वेळी सरकारची एक खास योजना सुरू होती. ३१ डिसेंबर २०२२पर्यंत रद्द झालेल्या नोंदण्या पूर्ववत करण्यासाठी अर्जाची मुदत आधी ३० जून २०२३ होती, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. दुकानदाराने थकलेली विवरणपत्रं भरली, टॅक्स दुसऱ्यांदा भरला, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज भरलं, विलंब शुल्क भरलं आणि नंबर परत मिळवला. तोवर तणनाशकाचा हंगाम निघून गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग दोष त्या टॅक्सवाल्यावर टाकता येत नाही का? भांडता येतं, पोलिसात जाता येतं, पैसे परत मागता येतात. पण जीएसटी कायद्याच्या ४८व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की प्रॅक्टिशनरने तुमच्या वतीने भरलेल्या विवरणपत्रातल्या माहितीची जबाबदारी तुमचीच राहते. माणूस त्याचा, हात त्याचा, सही मात्र तुमची. म्हणून टॅक्सवाला निवडताना "कमी फी कोण घेतो" हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न असा, की हा माणूस माझे कागद मला दाखवेल का?

आपल्या भागात ही सवय का नाही, त्याला कारण आहे. जुन्या पेढ्यांवर दिवाणजी असायचा. रोकड, खतावणी, चोपड्या त्याच्याच हातात. मालक गादीवर बसून सही करायचा, पण दिवाणजी दिवसभर डोळ्यांसमोर असायचा. वऱ्हाडात विक्रीकर आला तो १९४७च्या मध्य प्रांत-वऱ्हाड कायद्याने. मग १९६०पासून मुंबई विक्रीकर कायदा, १ एप्रिल २००५ला व्हॅट आणि १ जुलै २०१७ला जीएसटी. दर वेळी कागद दिवाणजीच्या हातून थोडे थोडे निसटून बाहेरच्या वकिलाकडे, सल्लागाराकडे गेले. जीएसटीत तर कागदच उरला नाही. सगळं संगणकावर, आणि संगणक सल्लागाराच्या घरी. विश्वास तेवढा दिवाणजीच्या काळातलाच राहिला.

पाटीवर काय लिहिलंय?

बाजारपेठेतून फिरा. "कर सल्लागार" अशा पाट्या दिसतील. या दोन शब्दांसाठी कोणाची परवानगी लागत नाही. पाटी रंगवणाऱ्याला पैसे दिले की झालं. म्हणजे पाटीखाली बसलेला माणूस नालायक असतो असं नाही. पंचवीस-तीस वर्षं सेल्स टॅक्सचं काम केलेली, नव्या पोरांना शिकवतील अशी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. पण पाटीच्या मागे कोण आहे हे तुम्हाला माहीत हवं.

चार्टर्ड अकाउंटंट म्हणजे सी.ए. याची संस्था १९४९च्या कायद्याने स्थापन झालेली आहे, प्रत्येकाला सभासद क्रमांक असतो. आयकराचं ऑडिट तोच करू शकतो, दुसरा कोणी नाही. वकील कर अधिकाऱ्यापुढे आणि अपिलात तुमची बाजू मांडू शकतो. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणजे जीएसटी खात्याकडे नोंदलेला, परीक्षा द्यावी लागलेला माणूस. त्याचं प्रमाणपत्र असतं आणि त्याचं नाव जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधता येतं. चौथा प्रकार आहे तो ऑनलाइन केंद्रवाल्यांचा. सातबारा काढणारा, विम्याचा फॉर्म भरणारा आणि त्याच खुर्चीत बसून "जीएसटी काढून देतो" म्हणणारा. त्याच्याकडून बटणं दाबून घ्या हवी तर, सल्ला घेऊ नका. आणि हेही लक्षात ठेवा, की जीएसटी नोंदणीला सरकार एक पैसा घेत नाही, उद्यम नोंदणीलाही नाही. "सरकारी फी" म्हणून कोणी रक्कम मागितली तर तिथूनच उठा. त्याची मेहनत म्हणून तो जे घेईल, ते त्याने मेहनत म्हणूनच मागावं.

सगळ्यांनाच सी.ए. लागतो का? नाही. गावातलं किराणा दुकान, पिठाची गिरणी, छोटं हार्डवेअर यांचं मासिक काम नोंदणीकृत प्रॅक्टिशनर व्यवस्थित करतो, आणि तो जवळचा असेल तर अधिक बरं. घाटावरचे लोक जालना-संभाजीनगरला जातात, घाटाखालचे अकोल्याला, मलकापूरचे जळगावला. मोठ्या शहरातला मोठा सी.ए. केला म्हणजे काम मोठं होतं असा एक समज आहे. पण तुमची फाइल तिथे साहेब पाहत नाही, कोपऱ्यातला शिकाऊ मुलगा पाहतो. वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर गेली तर मात्र सी.ए.ला भेटाच. रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ऑडिटची मर्यादा १० कोटींपर्यंत जाते, पण आपल्या बाजारात रोख किती चालते हे तुम्हाला सांगायला नको.

धंदा कळतो का, ते विचारा

टॅक्सवाल्याची पारख त्याच्या ऑफिसच्या एसीवरून करू नका. तुमच्या धंद्यातला एक अडचणीचा प्रश्न विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

समजा तुम्ही कृषी केंद्रवाले आहात. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी शून्य, रासायनिक खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. एकाच काउंटरवर तीन दर. त्याला विचारा, "नोंदणीची ४० लाखांची मर्यादा मोजताना बियाण्याची विक्री धरायची का?" बियाण्यावर टॅक्सच नाही, मग कशाला धरायची, असं जो म्हणेल त्याला नमस्कार करून निघा. एकूण उलाढालीत करमाफ मालही मोजला जातो. बियाणं २५ लाखांचं आणि खत-औषध २० लाखांचं विकलं, की तुम्ही मर्यादेच्या वर गेलात. हे वेळेवर कळलं नाही तर मागच्या सगळ्या विक्रीचा टॅक्स तुमच्या खिशातून जातो, कारण शेतकऱ्याकडून तो तुम्ही घेतलेलाच नसतो.

जळगाव जामोदच्या व्यापाऱ्याचा प्रश्न वेगळा. दीड कोटीच्या आतल्या छोट्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना सोपी पडते. विक्रीवर १ टक्का भरा, तीन महिन्यांतून एकदा चलन, वर्षातून एकदा विवरणपत्र, सुटका. सल्लागारालाही तीच सोपी पडते, म्हणून तो पटकन सुचवतो. पण या योजनेतल्या माणसाला राज्याबाहेर माल विकता येत नाही. जळगाव जामोदहून बऱ्हाणपूर किती लांब? आपल्याला ते शेजारचं गाव वाटतं, सोयरिकी तिकडे असतात. कायद्याच्या लेखी ते मध्य प्रदेश आहे. सातपुड्याच्या पलीकडे एक टेम्पो बिलाने पाठवला की योजनेची अट मोडली. योजना सुचवण्याआधी "तुमचं गिऱ्हाईक कुठलं?" हे ज्याने विचारलं नाही, त्याने तुमचा धंदा पाहिलाच नाही.

खामगाव-मलकापूरच्या जिनिंगवाल्यांना हे सांगायला नको, पण नव्याने कापूस खरेदीत उतरणाऱ्यांना सांगतो. शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर त्यावरचा ५ टक्के जीएसटी शेतकरी भरत नाही, नोंदणी असलेला खरेदीदार भरतो. १५ नोव्हेंबर २०१७पासून हा उलटा कर लागू आहे. शेतकऱ्याला त्यासाठी नोंदणीची गरज नाही. कोणी खरेदीदार "तुझा जीएसटी कापला" म्हणून पट्टीतून पैसे वळते करत असेल तर शेतकरी बंधूंनो, त्याला जाब विचारा.

अडत्यांची गोष्ट तर रोजची. छोट्या धंद्याला हिशेबाच्या वह्यांची कटकट नको म्हणून आयकरात एक सोय आहे. उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. पण ही सोय कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला नाही. म्हणजे अडतीला नाही. तरीही बाजार समित्यांच्या आवारात अडतीचं उत्पन्न या सोयीत बसवून दिलेली विवरणपत्रं सापडतात. नोटीस येईपर्यंत सगळं गोड असतं. १९६१च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५चा नवा कायदा १ एप्रिल २०२६पासून आणला, कलमांचे आकडे बदलले. तुमच्या सल्लागाराने तो उघडून पाहिला की नाही, हेही एकदा सहज विचारा.

नियम बदलले की सांगायला फोन करतो तो खरा टॅक्सवाला. शेगावच्या लॉजवाल्यांना विचारा. हजाराच्या आतल्या खोलीला आधी कर नव्हता, १८ जुलै २०२२पासून १२ टक्के झाला, २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के झाला. त्याच दिवशी ट्रॅक्टर आणि ठिबकचा दर १२वरून ५वर आला. ज्याला त्याच्या माणसाने आदल्या संध्याकाळी सांगितलं त्याचं बिल बरोबर निघालं. ज्याला गिऱ्हाइकाने सांगितलं, त्याचं भांडण झालं.

दोन ताळेबंद

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितो. बँकेतून कर्ज काढायचं असतं तेव्हा आपण स्वतःच टॅक्सवाल्याला म्हणतो, "साहेब, जरा नफा वाढवून दाखवा." आणि टॅक्स भरायची वेळ आली की म्हणतो, "जरा कमी करा." बँकेला एक ताळेबंद, आयकरला दुसरा. हे करून देणारा माणूस गावात लवकर नावारूपाला येतो, "लय पोचलेला आहे" म्हणतात. आता हे चालत नाही. २०१९पासून सी.ए.ने सही केलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर १८ अंकांचा युडीआयएन क्रमांक लागतो आणि बँकेचा माणूसच काय, तुम्हीसुद्धा तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासू शकता. क्रमांक नसलेला किंवा न जुळणारा कागद बँक तुमच्या तोंडावर परत करते, आणि तुमच्या नावापुढे खूण राहते ती वेगळीच. तुमच्या सांगण्यावरून जो बँकेशी खोटं बोलतो, तो त्याच्या सोयीसाठी तुमच्याशी बोलणार नाही याची काय खात्री?

आता व्यवहाराचं. पहिल्याच दिवशी नोंदणीवर मोबाइल आणि ई-मेल तुमचा टाका. ई-मेल नसेल तर मुलाचा-मुलीचा टाका, पण घरातला. ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे, आणि तो सांगण्याआधी "कशाचा आहे?" हे विचारलं पाहिजे. सल्लागारांनी स्वतःचेच नंबर टाकले आणि नंतर पासवर्ड दिले नाहीत, अशा तक्रारी इतक्या झाल्या, की २०१८ साली केंद्र सरकारला त्यावर उपाय जाहीर करावा लागला. मालकाने आपली कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जायचं, ओळख पटवायची आणि ई-मेल, मोबाइल बदलून घ्यायचा. म्हणजे जुना माणूस अडवून बसला तरी अडत नाही. प्रॅक्टिशनर बदलण्याची सोय तर तुमच्या लॉगिनमध्येच आहे.

टॅक्सचे पैसे सल्लागाराच्या हातात रोख देऊ नका. चलन त्याला काढू द्या, भरा तुम्ही. १० हजारांपर्यंतचं चलन बँकेत रोखीने भरता येतं, वरची रक्कम खात्यातून. त्याची फी वेगळी, तिची पावती वेगळी. विवरणपत्र भरलं की त्याचा पोच क्रमांक मिळतो, तो त्याच दिवशी मागा. आयकराचं विवरणपत्र भरून ३० दिवसांत त्याची पडताळणी व्हावी लागते, नुसतं "भरलं" म्हणून भागत नाही. बिलं त्याच्या ऑफिसातल्या गठ्ठ्यात टाकून मोकळं होऊ नका. प्रती तुमच्याकडे ठेवा, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने त्या मागितल्या जाऊ शकतात.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणाचाही १५ अक्षरी नंबर टाकला, आपल्या राज्याचा २७ने सुरू होतो तो, की नोंदणी चालू आहे की बंद आणि कोणत्या महिन्याचं विवरणपत्र कोणत्या तारखेला भरलं, हे दिसतं. लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत. मासिकवाल्यांची मुदत ११ आणि २० तारखेला असते. तिमाहीवाल्यांची महाराष्ट्रात तिमाही संपल्यावर १३ आणि २२ला. त्यानंतर दोन दिवसांनी पाहा. तुमचा पाहा आणि ज्याच्याकडून माल घेता त्याचाही पाहा, कारण त्याने भरला नाही तर तुमच्या खरेदीवरच्या कराची वजावट अडकते.

नंबर रद्द झालाच तर घाबरून घरी बसू नका. १ ऑक्टोबर २०२३पासून आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत तो पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो. आजारपण आणि करोनाच्या फेऱ्यात सापडलेल्या एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याची नोंदणी फेब्रुवारी २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पूर्ववत करून दिली, थकलेला कर, व्याज, शुल्क भरण्याच्या अटीवर. नोंदणी बंद म्हणजे माणसाची उपजीविका बंद, हे न्यायालयाने ओळखलं. पण वकील लावून उच्च न्यायालयापर्यंत जाणं किती दुकानदारांना परवडेल?

घाटाखालच्या त्या दुकानदाराने टॅक्सवाला बदलला. नवी मुलगी आहे, तालुक्याच्याच गावची, जीएसटी प्रॅक्टिशनर. फी पहिल्यापेक्षा थोडी जास्त घेते आणि बिलं वेळेवर नाही पोचली तर ओरडते. "पहिले वाले कधी एक शब्द बोलत नव्हते," तो म्हणाला. काउंटरमागच्या कॅलेंडरवर त्याने ११ आणि २०वर लाल पेनाने गोल केलेत. बावीस तारखेच्या सुमारास तो मोबाइल घेऊन बसतो, आपला नंबर टाकतो, खाली येणारी वेडीवाकडी अक्षरं त्याला चष्म्यातूनही वाचता येत नाहीत, मग आतल्या खोलीकडे पाहून हाक मारतो, "ए पोरी, इकडे ये वं, हे काय लिवलं पाय जरा."